आपलेच दात

गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच मेस्त्री सांगतो म्हणे, मागच्या पेटीतलं कुठलं बेअरिंग गेलंय ते. अशी त्याच्या कानाची ख्याती होती. लोक तिखटमीठ लावून सांगतात हे खरं, पण पहिली दहा-बारा वर्षं त्यात तथ्यही होतं. ते तथ्य पुढे उरलं नाही, हे त्याच्या बायकोइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मागची पेटी म्हणजे डिफरन्शियल. इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारी, दातेरी चाकांनी गच्च भरलेली लोखंडी पेटी. गाड्या दुरुस्त करणारे शहरात पैशाला पासरी मिळत, पण जुन्या गाडीची ही पेटी उघडून, आतला जीर्ण माल बदलून ती पुन्हा मुकी करून देणारा हा एकच. मुकी म्हणजे आवाज न करणारी. पेटीतले दात एकमेकांत नीट बसले तर ती काही बोलत नाही. केसभर चुकले तर ओरडते, आणि वेगाबरोबर सूर चढवत नेते. मापाची साधनं असतात, दातांमधला खेळ, म्हणजे सैलपणा, मोजायचं घड्याळही असतं, पण शेवटचा निवाडा कानाचा. म्हणून तर कानाला एवढी किंमत.

दोघांचं घर कारखान्याच्या पाठीलाच होतं. स्वयंपाकघराचं एक दार थेट कारखान्यात उघडायचं. लेक शाळेत जायला लागली तशी बायको त्या दारातून पलीकडे जायला लागली. आधी रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायला, मग शिमा मोजून लावायला. शिमा म्हणजे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या. त्या कमी-जास्त करून दात पुढे-मागे सरकवायचे. लेक लग्न होऊन लांब गेली तोवर बाई कारखान्यातली निम्मी कामं करत होती. गिऱ्हाइकं तिला मेस्त्रीणबाई म्हणत, म्हणजे मेस्त्रीची बायको या अर्थाने. दुसरा कुठला अर्थ कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

कानाचं असं झालं. एकदा पेटी बसवून झालेली गाडी घेऊन मेस्त्री रस्त्यावर चाचणीला निघाला होता. तिला बाजारात उतरायचं होतं म्हणून ती मागे बसली. गाडीने वेग घेतला आणि मागची पेटी चक्क किंचाळायला लागली. आणि हा पुढे बसून शीळ घालतोय! तिला वाटलं, ऐकत असेल, मोजत असेल मनात. पण तो गाडी वळवून म्हणाला, "झकास." तेव्हा तिने त्याच्या खांद्यावर एक थाप मारली. काही बोलली नाही, फक्त थाप. त्याची मान मागून लाल झाली. जरा वेळाने म्हणाला, "हो हो, ऐकतोय ना. पुन्हा खोलायला लागणार."

त्या दिवसापासून प्रत्येक चाचणीला ती मागे बसायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना, म्हणजे ओढीला आवाज आला तर एक थाप. पाय सोडल्यावर आला तर दोन. आवाज नसेल तर हात मांडीवर. वर्षामागून वर्षं गेली, पण यावर नवराबायकोत एक शब्द झाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ आपण झाकून धरलीय याचा तिला कधीकधी अभिमानसुद्धा वाटायचा. संसार म्हटला की एकाचं उणं दुसऱ्याने भरायचं, असं तिच्या आईने सांगितलेलं. भरलेलं बोलून दाखवायचं नसतं, असंही.

तर अशात एके दिवशी दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले.

गाडी दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, गर्द हिरवी. मेस्त्रीपेक्षा वयाने मोठी. डॉक्टरांनी दवाखाना सुनेच्या हाती सोपवून ही हौस मांडली होती. माणूस मोकळा. आल्या आल्या म्हणाले, "मेस्त्री, मला विचाराल तर गाडी उत्तम आहे. पण जन्मभर ते दात कोरायचं यंत्र कानाशी धरलंय, बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत. सून म्हणते, बाबा, तुमची गाडी रडते. आता खरंखोटं तुम्ही करा."

हे ते हसत हसत बोलले. बाई शिमा पुसत होती, तिचा हात थांबला. आपल्याला ऐकू येत नाही हे माणूस इतक्या सहज बोलू शकतो, हे तिला नवीन होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो गाडीखाली वाकला होता.

पेटी खाली काढली, झाकण उघडलं, तेल ओतलं. काळं तेल, आणि त्यात चांदीसारखी चमचमणारी पूड. ती पूड म्हणजे झिजून गेलेले दातच. बेअरिंगच्या गोळ्यांवर देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे. पिनियन, म्हणजे पुढचं छोटं चाक, त्याच्या तीन दातांचे कोपरे उडालेले; मोठ्या क्राउनच्या दातांना पायरी पडलेली. मेस्त्री म्हणाला, "ही जोडी गेली. नवी मिळाली तर बघा, नाहीतर गाडी शोभेला ठेवा."

डॉक्टरांनी जिद्दीने शोध घेतला. जुन्या गाड्यांचे भाग साठवून ठेवणारा कुणी म्हातारा दूरदेशी सापडला, आणि महिना-दोन महिन्यांनी लाकडी खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेली नवीकोरी जोडी आली. खोकं बाईनेच उघडलं. क्राउन आणि पिनियन, दोघांवर एकच आकडा कोरलेला. जिथे बनतात तिथेच ती दोघं एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. यातलं एक दुसऱ्याच कुणाशी लावता येत नाही. दातांची वळणं पाहून तिच्या तोंडून आपसूक निघालं, "काय देखणं केलंय हो!" डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मी आयुष्यभर दात बसवले, पण असे नाही बसवले."

काम चांगलं चाललं होतं. नवी बेअरिंगं दाबून बसवली. पिनियन कुठवर आत घ्यायचं ते शिमांनी ठरवलं. दातांना पिवळी खळ लावून चाक फिरवलं की दात जिथे टेकतात तिथली खळ पुसली जाते. ते पुसलेलं ठिकाण दाताच्या मधोमध यायला हवं. मेस्त्रीचा हात अजून सोन्याचा होता. तिसऱ्या खेपेला ठिकाण मधोमध आलं, बदामासारखं. दोघं वाकून बघत राहिले. तो म्हणाला, "बघितलंस?" ती म्हणाली, "बघितलं." असे क्षण त्यांच्या संसारात बरेच होते, आणि सगळे कारखान्यातलेच होते.

पहिली चाचणी रविवारी सकाळी केली. नेमके त्याच वेळी डॉक्टर आपल्या क्लबातल्या दोघांना काम दाखवायला घेऊन आले होते. एक क्लबचे सेक्रेटरी, टापटिपीचे गृहस्थ. दुसरा एकेकाळचा शर्यतवाला. भर शर्यतीत गाडी गरगरा फिरवून पुन्हा सरळ रस्त्याला लावली होती म्हणून सगळे त्याला भिंगरीच म्हणत. मेस्त्री म्हणाला, "बसा मंडळी, एक चक्कर मारून येतो."

गाडीला मागची सीट नव्हती. सीटच्या पाठीमागे सामान ठेवायची वीतभर उंचीची फळी, त्यावर बाई अंग दुमडून, आडवी होऊन बसली. हातात एक लाकडी दांडा. त्याचं एक टोक खालच्या पत्र्याला, एक कानाला. बाई अंगाने भारी होती, गुडघे दुखायला लागले होते. रस्ता मोकळा लागला तसा मेस्त्रीने वेग वाढवला. चाळीस, पन्नास, साठ. साठाच्या पुढे ओढीला बारीक हुंकार. तिने एक थाप मारली. तो परतला.

कारखान्यात गाडी थांबली. मेस्त्री ऐटीत उतरला. मागून बाईला बाहेर पडायला वेळ लागला. आधी एक पाय, मग दांडा, मग केस विस्कटलेली ती. सेक्रेटरींनी आदबीने हात दिला आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही मागे कशाला?"

ती काही बोलायच्या आत मेस्त्री म्हणाला, "वजनाला! मागे वजन लागतं ना पेटी तपासायला. पूर्वी वाळूची पोती टाकायचो. त्यापेक्षा ही बरी, स्वतःच्या पायाने चढते."

भिंगरी खो खो हसला. सेक्रेटरी हसले. डॉक्टरही हसले. आणि सवय अशी असते की बाईसुद्धा हसली. हसत हसतच कपड्यांवरची धूळ झटकत ती चहा ठेवायला आत गेली. आत तिला बाहेरचं स्वच्छ ऐकू येत होतं. नवरा सांगत होता, "साठाच्या पुढे ओढीला जराशी कुरकुरतेय. पिनियनची एक शिम बदलली की झालं." सेक्रेटरी म्हणाले, "कमाल आहे! कुणाला ऐकूही गेलं नसतं." भिंगरी म्हणाला, "कान आहे की चेष्टा!"

आधणाला उकळी फुटून चहा उतू गेला. तिने ओटा पुसला, पाच कप भरले, बाहेर नेऊन दिले.

पाहुणे गेल्यावर जेवताना ती म्हणाली, "तुम्ही ते वजनाचं कशाला बोललात?"

"कुठलं वजनाचं?"

"वाळूच्या पोत्याचं."

"अगं, गंमत गं! तूही हसलीस की."

"हसले. चारचौघांत रडू का?" मग ती म्हणाली, "मला चारचौघांत काही नको. मी काही म्हणत नाही, लोकांना सांगा. पण मागे मी कशाला बसते ते तुम्हाला तर माहितीये ना?"

तो घास चावत राहिला. पाणी प्यायला. मग ताटाकडे बघत म्हणाला, "कशाला बसतेस?"

"ऐकायला."

"ऐकतो मी," तो म्हणाला. "तू आपली सोबत."

घरात तिसरं कुणी नव्हतं. लाज राखायला कुणाचे डोळे नव्हते, बढाई मारायला कुणाचे कान नव्हते. दोघंच होती, आणि मध्ये दोन ताटं. गमतीचं तिला एवढं लागलं नव्हतं. गंमत काय, लोक विसरतात. पण हा माणूस तिच्या तोंडावर, बंद घरात, जे दोघांनाही माहीत होतं तेच नाही म्हणत होता. आणि चेहऱ्यावरून वाटत होतं की त्याला ते खरंच वाटतंय. इतकी वर्षं खांद्यावर पडलेल्या थापा त्याने आपल्याच कानात जमा केल्या होत्या. तिने ताट उचललं. दुसऱ्याने दुखवलं तर बोंब मारता येते. आपलेच दात, आपलेच ओठ, चावले तर सांगायचं कुणाला?

शिम बदलली, पेटी पुन्हा बांधली, आणि दुसरी चाचणी मधल्या वारी केली. या खेपेला बघायला कुणी नव्हतं. ती नेहमीसारखी फळीवर चढली, दांडा कानाला लावला. ओढीला गाडी आता स्वच्छ होती. साठ, सत्तर, काही नाही. मग त्याने पाय सोडला, आणि वेग उतरता उतरता चाळीसच्या आसपास आवाज आला. बारीक, काचेवरून नख ओढावं तसा. तिला तेव्हाच कळलं की पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण कमी पडलाय. पिनियन जागेवर घट्ट नाही, मागे-पुढे होतंय. नट पुन्हा खोलून, मधली नळी बदलून आवळायचं काम. फार तर एका दिवसाचं.

दोन थापा मारायच्या होत्या. तिचा हात मांडीवर होता.

तो तसाच गाडी चालवत राहिला. पुन्हा वेग वाढवला, पुन्हा पाय सोडला. पुन्हा तो आवाज. तिला त्याची मान दिसत होती. ती मान वाट बघत होती, थापेची. एवढी वर्षं ओळखीची मान, कळत कशी नाही! तिने मनात ठरवलं, एकदा विचारू दे. 'काय गं, कसं वाटतंय?' एवढंच. सगळं सांगीन. त्याच्या बदल्यात काही मागणार नाही.

त्याने तिसऱ्यांदा वेग घेतला, तिसऱ्यांदा सोडला. आरशात एकदा तिच्याकडे बघितलं. तिने आरशाकडे बघितलं. मग तो म्हणाला, "झाली. लोण्यासारखी."

तिला वाटलं, कारखान्यात पोचल्यावर सांगू. पोचल्यावर वाटलं, जेवण झाल्यावर. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी मेस्त्रीचे हात हातात घेतले, गाडीवरून लहान लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवला आणि गाडी घेऊन गेले. फाटकाशी वळताना त्यांनी पाय सोडला. तिला तो आवाज इथपर्यंत आला.

मग काय, दिवस जातात तसे गेले. डॉक्टर दर दोन-तीन दिवसांनी रपेटीला निघत आणि कारखान्यावरून जाताना हॉर्न वाजवत. मेस्त्री हात वर करी. बाई आत असली तरी तिला हॉर्नच्या मागून येणारं ऐकू येई. पहिल्या आठवड्यात बारीक होतं. मग जाड होत गेलं. मग त्याला खरखर आली. रोज ती स्वतःला म्हणायची, आज सांगते. नवऱ्याला सांगायचं म्हणजे 'ऐकतो मी' पुन्हा ऐकायचं, ते तिच्या जिवावर येई. एकदा तिने डॉक्टरांना फोन लावलासुद्धा.

"डॉक्टर, गाडी कशी आहे?"

"वहिनी, काय सांगू! दहा वर्षांनी तरुण झालोय. सूनबाईलासुद्धा बसवायचंय एकदा, तिला वेळ कुठे? मेस्त्रींना म्हणावं, तुमचे उपकार आहेत."

"सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं. उशीर असा असतो, त्याच्यावर व्याज चढतं.

दीड-दोन महिन्यांनी गावाबाहेरच्या जुन्या विमानपट्टीवर क्लबाचा मेळावा होता. पन्नासेक गाड्या, घासूनपुसून लखलखीत केलेल्या. मेस्त्रीला खास बोलावलं होतं, दोन शब्द बोलायला म्हणून. त्याने इस्त्रीचा कोट घातला होता. बाई खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत.

भाषणाआधी भिंगरी म्हणाला, "डॉक्टर, जरा किल्ली द्या, बघू तुमची राणी." आणि गाडी घेऊन पट्टीवर गेला. गेला जोरात, आला मात्र सावकाश. उतरला, गॉगल काढला.

"डॉक्टर, ही गाडी रडत नाही हो, भोकाड पसरतेय. तुम्ही असंच चालवताय?"

डॉक्टर गोंधळले. "मला... मला तर काही नाही ऐकू येत. मेस्त्रींनी केलीय."

सेक्रेटरी एक चक्कर मारून आले. आणखी कुणी मारली. जो तो उतरताना मान हलवत होता. घोळका जमला. मेस्त्री पुढे आला. "कुठे काय? मी स्वतः तपासून दिलीय," म्हणाला. भिंगरी म्हणाला, "या, बसा."

दोघं पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन आले. सगळे उभेच होते. भिंगरीने खाली उतरून विचारलं, तसं त्याच्या मनात वाईट नव्हतं, गाडीवाल्यांचं बोलणं असतं तसंच विचारलं, "कितीला लागला आवाज, मेस्त्री?"

"साठाला," मेस्त्री म्हणाला.

"ओढीला की सोडल्यावर?"

"ओढीला."

 भिंगरी हळूच म्हणाला, "मेस्त्री, आत्ता पंचेचाळीसच्या वर मी नेलीच नाही. आणि ओरडतेय ती सोडल्यावर."

आता विमानपट्टीवर वारा असतोच, पण त्या वेळी तोही पडला असावा. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकेकाच्या तोंडावर ते उमटत गेलं, की याला ऐकू येत नाही. बाईला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. कोटाच्या कॉलरच्या वर, आधी पांढरा, मग लाल.  सूड असा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. ती पुढे झाली, त्याचा दंड धरून त्याला बाजूला न्यावं म्हणून.

आणि तो बोलला. तिच्याकडे बोट करून बोलला, "शेवटची चाचणी हिने ऐकली होती. मागे हीच असते. मी हिला विचारलं, आवाज आहे का? ही म्हणाली, नाही. विचारा हिला."

इतक्या वर्षांत चारचौघांसमोर तिच्या कानाचं नाव निघालं ते असं. नासलेल्या कामावर चिकटवायला.

सगळे तिच्याकडे वळले. कुणी विचारलं असतं तर तिलाच सांगता आलं नसतं की तिला तेव्हा राग आला की हायसं वाटलं. ती म्हणाली, "हो. मीच ऐकते. इतक्या वर्षांत जेवढ्या पेट्या आमच्याकडून गेल्या त्या सगळ्या मीच ऐकल्यात. हीसुद्धा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सेक्रेटरींनी खाली बघितलं. डॉक्टर पुढे आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही उगाच अंगावर घेऊ नका. तुमचं मन मोठं आहे. पण चूक माणसाकडून होते, वय कुणाला चुकलंय? मलाही ऐकू येत नाही." मागून कुणीतरी कुजबुजलं, "स्वतःच्या बायकोवर ढकलतोय, बघा." आणि दुसरं कुणी, "तरी ती बिचारी झाकतेच आहे."

ती म्हणाली, "अहो, खरंच मी—" पण कुणी ऐकत नव्हतं. सगळे तिच्याकडे फार मायेने बघत होते.

त्यांच्या जुन्या व्हॅनमधून दोघं घरी परतत होती. रस्त्याकडेच बघत तो म्हणाला, "तुला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"मग?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्याने गिअर बदलला. त्या प्रश्नोत्तरानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. काढायला शिल्लक काय होतं? लोक आता मेस्त्रीच्या कानाऐवजी मेस्त्रीच्या बायकोच्या सोशिकपणाची गोष्ट सांगायला लागले, तीही तिखटमीठ लावून. क्लबाच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. मालवाहू टेम्पोंचे क्लच आणि ब्रेक यायला लागले, त्याला कान लागत नाही. ती भाग धुवायला अजून जायची, पण गाडीच्या मागे बसायचं कारण उरलं नव्हतं.

डॉक्टर आले ते बऱ्याच दिवसांनी. दुपारची वेळ, मेस्त्री आत आडवा झाला होता. डॉक्टरांच्या हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. त्यांनी ते कामाच्या टेबलावर ठेवलं आणि टॉवेल उलगडला. क्राउन आणि पिनियन. दुसऱ्या शहरातल्या एकाकडे पेटी उघडून घेतली होती. त्याने सांगितलं होतं, आवाज आल्या आल्या गाडी उभी केली असती तर जोडी वाचली असती.

"दात माझ्याही धंद्यातले," डॉक्टर म्हणाले. "एवढं मलाही कळतं."

बाईने क्राउन हातात घेतलं. जिथे बदामासारखं ठिकाण आलं होतं तिथे आता कडा तासल्यासारखी गेलेली. तिने दाताच्या पाठीवरून नख फिरवलं. नख अडलं. तिला रडू आलं, आणि ते स्वतःसाठी नव्हतं, नवऱ्यासाठीही नव्हतं. या लोखंडाने तिचं काय घोडं मारलं होतं?

"तो म्हातारा वारला," डॉक्टर म्हणाले. "जोडी ज्याच्याकडून आणली तो. त्याच्याकडची ही शेवटची होती. गाडी आता ठोकळ्यांवर उभी केलीय." मग म्हणाले, "मी रागवायला नाही आलो, वहिनी. मेस्त्रींना फक्त दाखवायचं होतं. पुढच्या वेळी त्यांनी कुणाची तरी मदत घ्यावी, एवढंच."

"डॉक्टर," ती म्हणाली, "मी त्या दिवशी कुणाचं झाकत नव्हते. मला ऐकू आलं होतं. चाळीसला, पाय सोडल्यावर. बेअरिंगचा ताण कमी होता. पहिल्याच दिवशी ऐकू आलं होतं."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिचं नख अजून दातावर होतं, नेमक्या त्या दातावर. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तिला कळलं की या माणसाचा आपल्यावर विश्वास बसला. त्या मेळाव्यात न बसलेला, आता पूर्ण बसला.

"म्हणजे तुम्ही मला फोन केलात तेव्हा," ते म्हणाले, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

पुष्कळ उत्तरं होती. वाळूची पोती होती. दोन ताटं होती, 'ऐकतो मी' होतं. ती सगळी तिच्या तोंडाशी आली आणि त्या टेबलावर, त्या दातांशेजारी ठेवून बघितली तर त्यातलं एकही पुरेसं जड नव्हतं.

"यांनी विचारलं नाही," ती म्हणाली.

 डॉक्टरांनी टॉवेलची घडी घातली, तो खांद्यावर टाकला. "मी त्या दिवशी तुमच्यासाठी रडलो होतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, वहिनीही म्हणाले नाहीत. फाटक उघडंच टाकून चालत निघून गेले.

मेस्त्री आतून डोळे चोळत आला. दारामागे कधीपासून होता, आणि असला तरी त्याला काय ऐकू गेलं, हे कळायला मार्ग नव्हता.

"कोण आलं होतं?"

"डॉक्टर."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दात गेले."

"ते दिसतंय," तो म्हणाला. त्याने क्राउन उचललं, उजेडाकडे धरून एकदा फिरवलं, आणि भंगाराच्या पिंपात टाकलं. मागोमाग पिनियनही. मग हात पुसत विचारलं, "चहा टाकतेस ना?"

ती चहा टाकायला आत गेली.